बारा किलोचं लेकरू आणि मोठ्यांचं यंत्र

बारा किलोच्या लेकराच्या अंगात रक्त किती असतं? किलोमागे साधारण ८० मिलिलिटर धरतात, म्हणजे लिटरही भरत नाही. मोठ्या माणसाच्या डायलिसिसला जी गाळणी आणि ज्या नळ्या लागतात, त्यांत २०० ते २५० मिलिलिटर रक्त सतत अंगाबाहेर फिरत असतं. साठ किलोच्या माणसाला ते सोसतं, कारण त्याच्याजवळ चार-साडेचार लिटर असतं. बारा किलोच्या लेकराचं मात्र पाव रक्त एका झटक्यात बाहेर जातं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून मुलांच्या किडनीचे डॉक्टर अंगातल्या रक्ताच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्त बाहेर जाऊ देत नाहीत. त्यासाठी छोटी गाळणी, बारीक नळ्या, बारीक कॅथेटर आणि तो मानेतल्या इवल्या शिरेत बसवणारा सरावाचा हात लागतो. यातलं काही नसेल तर नळ्या आधी रक्तपेढीतल्या रक्ताने भरून घ्यायच्या आणि मग मूल यंत्राला जोडायचं. पण प्रत्येक परक्या रक्ताबरोबर मुलाच्या अंगात प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता वाढते आणि पुढे किडनी बसवताना जुळणारा दाता मिळणं अवघड होऊन बसतं.

लेखाच्या सुरुवातीलाच हा हिशेब मांडण्याला कारण आहे. ‘आपल्या जिल्ह्यात डायलिसिसची सोय आहे का?’ असं विचारलं तर महाराष्ट्रात आज बहुतेक ठिकाणी ‘आहे’ असं उत्तर मिळतं. ‘त्या यंत्रावर बारा किलोचं लेकरू घेता येईल का?’ असं विचारा, मग समोरचा माणूस थांबतो, फोन लावतो आणि शेवटी मोठ्या शहराचं नाव सांगतो.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात राहतो. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ला सुरू झाला. त्याच्या आणि त्यामागून आलेल्या शेकडो लहान-मोठ्या कंपन्यांच्या आधाराने ही वसाहत वाढली. इथली घरं तरुण आहेत. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, वाशिमकडून आलेली जोडपी, दोन खोल्या, एक-दोन मुलं आणि गावाकडे म्हातारे आई-बाप असं इथलं साधारण घर. जिथे तरुण घरं तिथे लहान मुलं, आणि जिथे लहान मुलं तिथे किडनीचा आजारही असणारच. तो दुर्मीळ असला तरी होतोच. इथल्या घरातलं मूल सुजलं, त्याची लघवी थांबली, की आधी गल्लीतला डॉक्टर, मग बालरोगतज्ज्ञ आणि मग ‘घाटीत न्या’. छोटं पंढरपूर, गोलवाडी, नगर नाका, छावणी, बाबा पेट्रोल पंप असा तो सारा पंधराएक किलोमीटरचा रस्ता. घाटी म्हणजे १९५६ला सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. मराठवाड्याचा, शेजारच्या बुलढाण्याचा आणि जळगावकडच्याही काही भागाचा भार ते वाहतं. त्या मानाने आम्ही बजाजनगरचे लोक सुदैवी. घनसावंगीच्या किंवा सेनगावच्या बापाला हेच अंतर कितीतरी पटींनी मोठं आहे.

मुलांच्या डायलिसिसबद्दल बोलताना दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि त्यातून सगळी धोरणं बिघडतात, असं माझं मत आहे. एका मुलाची किडनी अचानक थांबते आणि काही दिवसांनी पुन्हा चालू होते. दुसऱ्याची हळूहळू, वर्षानुवर्षं मरत जाते आणि पुन्हा उठत नाही. पहिल्या मुलाला आठ-दहा दिवसांपुरता आधार द्यायचा असतो आणि त्या बदल्यात बहुतेकदा त्याला सगळं आयुष्य मिळतं. दुसऱ्याला बालपणभर आधार लागतो आणि तोही प्रत्यारोपणापर्यंतचा पूल म्हणून. खर्च, जागा, माणसं आणि घराची तयारी या सगळ्यांत या दोघांची गरज निरनिराळी आहे. आपली व्यवस्था मात्र दोघांपुढे एकच यंत्र ठेवते, तेही मोठ्यांसाठी बांधलेलं.

आधी अचानक थांबणाऱ्या किडनीकडे पाहू, कारण मला सगळ्यात जास्त हळहळ तिथे वाटते.

आपल्या भागात मुलाची किडनी अचानक बंद पडण्याची कारणं घरोघरच्या ओळखीची आहेत. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी संपतं आणि जलसंजीवनी वेळेवर मिळत नाही. रक्ती आव होते, तिच्यातल्या जंतूच्या विषाने रक्तपेशी फुटतात आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. पावसाळ्यात खरजेच्या, गळवांच्या जखमा होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी डोळ्यांवर सूज येऊन लघवी चहासारखी होते. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग हेही आहेतच. आणि घोणस आहे. नाग-मण्यार चावला तर श्वास थांबतो हे शेतकऱ्याला माहीत असतं. घोणस चावली की दोन-तीन दिवसांनी लघवी बंद पडू शकते, हे तितकंसं माहीत नसतं. प्रतिविष मिळालं, पोरगं वाचलं म्हणून घर सुटकेचा श्वास घेतं आणि नेमकी तेव्हाच किडनी हात टेकते.

या मुलांसाठी जुना, स्वस्त आणि चांगला उपाय आहे. तो म्हणजे पोटाचं डायलिसिस. आतड्यांभोवती आणि पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला पेरिटोनियम म्हणतात. ते स्वतःच एक गाळणी आहे. बेंबीखालून पोटात एक नळी घालायची, साखर मिसळलेलं क्षाराचं निर्जंतुक पाणी सोडायचं, अर्धा-पाऊण तास आत ठेवायचं आणि काढून टाकायचं. रक्तातला युरिया, जादा पोटॅशियम आणि जादा पाणी त्या द्रावणाबरोबर बाहेर येतं. हे दिवस-रात्र चालू ठेवायचं. रक्त अंगाबाहेर जात नाही, शीर शोधावी लागत नाही, रक्त पातळ करायचं औषध लागत नाही, वीज गेली तरी काम थांबत नाही. आणि निसर्गाने इथे मुलांना झुकतं माप दिलं आहे: वजनाच्या मानाने मुलांच्या पोटातलं अस्तर मोठ्यांपेक्षा जास्त पसरलेलं असतं. बारा किलोच्या लेकराला सुरुवातीला एका वेळी १२० ते २४० मिलिलिटर द्रावण पुरतं. चहाचे एक-दोन पेले म्हणा.

कल्पना शंभर वर्षांची आहे. जर्मनीत गेऑर्ग गांटर यांनी १९२३मध्ये माणसावर तिचा पहिला प्रयोग केला. नेदरलँड्समधल्या विलेम कोल्फ यांचं फिरत्या ढोलाचं रक्त-डायलिसिस यंत्र त्यानंतर वीस वर्षांनी आलं, १९४३ला, महायुद्ध चालू असताना. आपल्या देशातल्या मुलांच्या वॉर्डांत कितीतरी वर्षं कडक नळीचं पोटाचं डायलिसिस हाच मुख्य आधार होता. जुन्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांनी ते खाटेशेजारी उभं राहून, सलाइनच्या बाटल्या टांगून, रात्र-रात्र जागून केलेलं आहे. पुढे यंत्रं आली, केंद्रं उघडली, योजनांची पॅकेजं यंत्राच्या भोवती लिहिली गेली आणि हे हातचं कसब नव्या पिढीकडे पुरतं उतरलंच नाही. यंत्र येणं चांगलंच झालं. पण यंत्र आल्यावर ज्यांना ते लागूच पडत नाही, त्यांचा उपायसुद्धा हातातून जाऊ द्यायला नको होता.

बाहेरच्या जगात या उपायाची पुन्हा उजळणी झाली, ती आपल्यापेक्षा गरीब देशांसाठी. २०१२मध्ये किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ‘सेव्हिंग यंग लाइव्ह्ज’ नावाचा उपक्रम सुरू केला. आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या रुग्णालयांतून डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी निवडायची, त्यांना केपटाउनच्या रेडक्रॉस बालरुग्णालयासारख्या ठिकाणी एकत्र शिकवायचं, नळी घालायचा हात बसवायचा आणि साहित्य देऊन परत पाठवायचं. मिन्यॉन मॅकलॉक यांचं तिथलं काम या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या मोशीच्या रुग्णालयाने तर त्याही आधी, अगदी मोजक्या साधनांत ही सेवा उभी केली होती. जोडीने शिकवणं मला फार शहाणपणाचं वाटतं. एकटा डॉक्टर शिकून आला तर त्याच्या बदलीबरोबर विद्याही जाते. परिचारिका शिकलेली असेल तर रात्री तीन वाजता द्रावण गढूळ दिसतंय, हे कुणाच्या तरी लक्षात येतं.

या उपायातला पहिला अडसर शिकलेल्या हातांचा, दुसरा द्रावणाचा. कंपनीच्या तयार पिशव्या महाग असतात आणि तालुक्याच्या गावी वेळेला मिळत नाहीत. पोटाच्या डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अचानकच्या किडनी-बंदसाठी २०१४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नंतर मुलांसाठी त्या स्वतंत्रपणे सुधारल्या. त्यांत एक गोष्ट स्पष्ट मान्य केली आहे: तयार द्रावण नसेल तर रुग्णालयातल्या रिंगर लॅक्टेटच्या बाटलीतून ते बनवता येतं. एक लिटर रिंगर लॅक्टेटमध्ये ५० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज ३० मिलिलिटर मिसळलं की साधारण दीड टक्का साखरेचं द्रावण होतं. रिंगर लॅक्टेटमध्ये थोडं पोटॅशियम असतं, यकृत बिघडलेल्या मुलाला लॅक्टेट चालत नाही, आणि मिसळताना हात-सुई-बाटली यांची निर्जंतुक शिस्त जराही ढिली पडता कामा नये; या अटी आहेतच. पण ही बाटली आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात असते. डेक्स्ट्रोजही असतं. कमी असते ती नळी आणि ती घालण्याची हिंमत देणारं शिक्षण.

हे सगळं किती निकडीचं आहे, ते २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विदर्भाच्या सीमेवर दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सर्दी-खोकल्यासाठी सिरप दिलेल्या लहान मुलांची लघवी बंद पडू लागली. नातेवाइकांनी त्यांना नागपूरला हलवलं. नागपूरच्या रुग्णालयांत त्यांना डायलिसिसवर घेतलं गेलं, किडनीचे तुकडे तपासले गेले आणि संशय विषाकडे वळला. तमिळनाडूत बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे औद्योगिक रसायन चवीला गोड असतं आणि किडनी जाळून टाकतं. वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतली बहुतेक पाच वर्षांच्या आतली. तीन वर्षं आधी, २०२२मध्ये, गाम्बियात सत्तरच्या आसपास मुलं अशीच गेली होती आणि तिथल्या सिरपवरही आपल्याच देशातल्या कारखान्याचं नाव होतं. इंडोनेशियात त्याच वर्षी हा आकडा दोनशेच्या वर गेला. आणि महाराष्ट्राला तर हे विष १९८६पासून ठाऊक आहे: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्याने १४ रुग्ण किडनी बंद पडून दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध-प्रशासनाचं पोट फाडून दाखवलं. त्यालाही आता चाळीसएक वर्षं झाली.

विषाच्या बाबतीत डायलिसिस हा अपुरा उपाय आहे, हे मान्य. पण परासियाहून नागपूरला जाईपर्यंत जो वेळ गेला, तो वेळ साध्या जुलाबाच्या मुलाच्या बाबतीतही जातोच. पोटॅशियम वाढलं की हृदय थांबायला फार वेळ लागत नाही. लघवी बंद होऊन दोन दिवस झालेलं मूल रुग्णवाहिकेत दीडशे किलोमीटर नेणं आणि ते आहे तिथेच पोटात नळी घालून स्थिर करणं, यात जगण्या-मरण्याचं अंतर आहे.

आता दुसरं मूल. त्याची किडनी परत यायची नाही.

१९६०ला सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी नळी बसवली आणि कायमचं डायलिसिस पहिल्यांदा शक्य झालं. यंत्रं मोजकी, रुग्ण अनेक. कुणाला यंत्र द्यायचं हे ठरवायला शहरातल्या सामान्य नागरिकांची समिती नेमली गेली. तिच्यापुढे नावं जाण्याआधीच डॉक्टरांनी दोन गट वगळायला सुचवलं होतं: ४५च्या वरचे लोक आणि मुलं. मुलांच्या मनावर आणि वाढीवर हे फार जाचक होईल, असं तेव्हाच्या डॉक्टरांना वाटलं. अमेरिकेने १९७२मध्ये कायदा करून डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला आणि ती समिती इतिहासजमा झाली. पण ‘मुलं नंतर’ हा क्रम आपल्याकडे कुणी न ठरवताही तसाच चालू आहे. त्यामागे कुणाचा दुष्टपणा नाही. यंत्र मोठ्यांचं, प्रशिक्षण मोठ्यांचं, पॅकेजचा दर मोठ्यांच्या हिशेबाने, म्हणून आपोआप तसं होतं.

२०१६ साल मला याबाबतीत विसरता येत नाही. २९ फेब्रुवारीला केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. देशात दर वर्षी किडनी निकामी झालेल्या २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, त्यातून डायलिसिसच्या ३.४ कोटी फेऱ्यांची जादा मागणी तयार होते, एका फेरीला साधारण दोन हजार रुपये म्हणजे वर्षाला तीन लाखांवर खर्च येतो. म्हणून जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीतून केंद्रं काढायची, असं तेव्हा सांगितलं गेलं. दहाच दिवसांनी, १० मार्चला, जागतिक किडनी दिन होता आणि त्या वर्षीचा त्याचा विषय नेमका मुलांचे किडनीविकार हा होता. आणि त्यानंतर महिनाभराने, एप्रिलमध्ये, मिरजेहून दुष्काळाने तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे निघाली.

रेल्वेचा इथे काय संबंध? एका माणसाच्या चार तासांच्या एका रक्त-डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते आरओ यंत्रातून काढताना आणखी बरंच वाया जातं. एका खोलीत दहा यंत्रं, दिवसाला दोन-तीन पाळ्या. गुणाकार वाचकांनीच करावा. ज्या मराठवाड्यात शहराच्या नळालाही काही-काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं, तिथे आपण किडनीचा सगळा भार याच उपचारावर टाकला. पोटाच्या डायलिसिसला घरातल्या पाण्याची गरज हात धुण्यापुरती. राष्ट्रीय कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २०१९मध्ये, पहिल्या घोषणेनंतर तीन वर्षांनी. त्यातही यंत्रकेंद्रं जितक्या झपाट्याने उभी राहिली, तितका वेग या कामाला आला नाही.

आता बजाजनगरातल्या एका घराचा हिशेब. घर कल्पनेतलं आहे, हिशेब खरा आहे. बाप ठेकेदाराकडे, पगार पंधरा-सोळा हजार. मुलगी सहा वर्षांची, दोन्ही किडन्या गेलेल्या. रक्त-डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. शहरातल्या केंद्रात तिला घेतात असं गृहीत धरलं तरी जाऊन-येऊन तीस किलोमीटर, वर्षाला साधारण ४,७०० किलोमीटर. दर फेरीला कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं; म्हणजे आई कामाला जात असेल तर ते काम सुटलं. शाळेचे आठवड्याचे तीन दिवस गेले. फेरी फुकट असेल. प्रवास, रक्त वाढवण्याचं इंजेक्शन, कॅल्शियम, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि बुडालेला रोज फुकट नसतो. आणि शहरात मुलांना घेणारी जागा नसेल तर मुंबई. परळचं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९पासून मुलांचंच आहे. तिथे डॉ. उमा अली यांच्यासारख्यांनी मुलांच्या किडनीविकारांचं काम उभं केलं. पण बजाजनगर ते परळ साडेतीनशे किलोमीटर आहे. आठवड्यातून तीनदा हे होत नाही. मग खोली भाड्याने घ्यायची, बापाने इकडे पाळी करायची, आईने मुलीला घेऊन तिकडे राहायचं. घर दोन ठिकाणी फाटतं.

विम्याचं काय? इथे आपण आफ्रिकेतल्या कित्येक देशांपेक्षा खूप पुढे आहोत, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पुढे ती आयुष्मान भारतशी जोडली गेली, २०२३मध्ये छत्र पाच लाखांपर्यंत वाढवून सर्व कुटुंबांना खुलं करण्याचा निर्णय झाला. रुग्णालयाच्या दारातला आरोग्यमित्र हा गरिबाच्या दृष्टीने फार मोठा दिलासा आहे. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत, त्यांना कामगार विमा आहे. त्यात बायको-मुलंही येतात. तरीही फट राहते. ठेकेदार बदलला, मधे काही महिने वर्गणी तुटली, की मोठ्या उपचारांची पात्रता अडते आणि किडनीला मात्र तुटलेले महिने कळत नाहीत. दुसरी फट अशी की पॅकेजं रुग्णालयात घडणाऱ्या गोष्टींना पैसे देतात. घरी आईने केलेल्या उपचाराला पैसे कसे द्यायचे, हे त्यांना अजून नीट जमलेलं नाही.

आणि माझ्या मते या सहा वर्षांच्या मुलीची खरी जागा घरीच आहे. १९६८ला हेन्री टेंकहॉफ यांनी पोटात कायम राहणारी मऊ नळी काढली. १९७६मध्ये पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी हिंडत-फिरत करण्याचं पोटाचं डायलिसिस मांडलं. आपल्याकडे सगळे त्याला सीएपीडी म्हणतात. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलायची. मधल्या वेळात मूल शाळेत जातं, खेळतं, जेवणही जरा मोकळं असतं. हाँगकाँगने १९८५पासून ‘आधी पोटाचं’ असं धोरण ठेवलं, थायलंडने २००८मध्ये ते सरकारी विम्यात आणलं आणि २०२२मध्ये निवड रुग्णावर सोपवली. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात डॉ. रँडल लू-मेडा यांनी २००३मध्ये ‘फुंदानिएर’ ही संस्था काढून सरकारी रुग्णालयातच मुलांचं किडनी केंद्र उभारलं. सरकारचं छप्पर, संस्थेचा पैसा, परदेशी केंद्राचं शिक्षण, अशी सांगड. आपल्याकडे बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये डॉ. किशोर फडके यांनी मुलांच्या किडनीचा विभाग वाढवला, तोही दाखवण्यासारखा आहे. भारतात सीएपीडीचा खर्च महिन्याला साधारण वीस-तीस हजारांच्या घरात जातो. पंधरा हजारांच्या पगाराला ही रक्कम झेपत नाही, हे उघड आहे. त्यामुळे पिशव्यांचा खर्च सार्वजनिक पैशातून, थेट घरपोच होणं, यालाच मी या सगळ्या प्रश्नाची किल्ली मानतो. यंत्र, आरओ, तंत्रज्ञ, इमारत हा खर्च सरकार कुरकुर न करता करतं. पिशवीचा खर्च मात्र घराचा समजला जातो.

भीती आहे ती पोटातल्या जंतुसंसर्गाची. बाहेर आलेलं द्रावण गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, की त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. दोन खोल्यांच्या घरात हे कसं जमणार, अशी शंका सुशिक्षित लोकच जास्त घेतात. मला वाटतं, ते या बायांना ओळखत नाहीत. जी बाई कंपनीच्या लाइनवर मिलिमीटरच्या फरकाने सुटा भाग बाजूला काढायला शिकली, तिला हात किती वेळ धुवायचा, पंखा कधी बंद करायचा आणि कुठल्या टोकाला बोट लावायचं नाही, हे शिकवता येतं. तिला शिकवणारी परिचारिका मात्र हवी, आणि पहिल्या महिन्यात घरी येऊन बघणारी हवी.

तरीही सर्वांत स्वस्त डायलिसिस म्हणजे लागलंच नाही ते. मुलांतल्या कायमच्या किडनीविकारांचा मोठा हिस्सा जन्मतःच मूत्रमार्गाच्या बांधणीतल्या दोषातून येतो. काही मुलग्यांत मूत्रनलिकेत पडदा असतो. लघवीची धार जोरात येत नाही, थेंब-थेंब येते, ओटीपोट फुगतं. गरोदरपणाच्या सोनोग्राफीत बाळाच्या किडन्या फुगलेल्या दिसतात, अहवालात तसं लिहिलेलंही असतं, आणि बाळ जन्मल्यावर तो कागद फायलीत राहतो. पडदा वेळेवर कापला, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आवरला, रक्तदाब सांभाळला, तर डायलिसिस कितीतरी वर्षं पुढे ढकलता येतं, काहींचं कायमचं टळतं. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. हृदयाचा दोष, फाटलेला ओठ, वाकडा पाय, मोतीबिंदू हे सगळं त्यात शोधतात आणि त्यातून असंख्य मुलांचं भलं झालं. पण त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत किडनी नाही. एका पट्टीवर लघवीतलं प्रथिन दिसतं, मुलांच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा स्वस्त मिळतो. पथक वर्गात आलेलंच असतं. ज्याची उंची दोन वर्षांत वाढली नाही, जे रात्री सारखं पाणी मागतं, ज्याचा चेहरा सकाळी सुजतो, त्या मुलाला या दोन गोष्टी लावायला पाच मिनिटं पुरेत.

आणि शेवटचं टोक प्रत्यारोपण. मुलांसाठी तेच खरं उत्तर, कारण डायलिसिसवर मूल जगतं पण हवं तसं वाढत नाही. छत्रपती संभाजीनगरात अवयव प्रत्यारोपणाची विभागीय समिती आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारखीच. १९९४च्या कायद्यात २०११ला दुरुस्ती झाली आणि आजी-आजोबाही जवळच्या नात्यात आले. आई-बापाची किडनी जुळली नाही तर पन्नाशीची, धडधाकट आजी पुढे येऊ शकते, हे कित्येक घरांना अजून कुणी सांगितलेलं नाही. देणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि घेणारा बहुतेक वेळा मुलगा. या विषयात काम करणाऱ्या सर्वांना हे ठाऊक आहे. मुलग्यांत जन्मजात दोष जास्त, हे त्याचं एक कारण. सगळं कारण तेवढंच असतं तर किती बरं झालं असतं.

त्या सहा वर्षांच्या मुलीकडे परत येतो. समजा तिला नळी बसली, पिशव्या घरपोच येऊ लागल्या. वेळा ठरल्या: सकाळी सहा, साडेअकरा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. बापाची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिल्या पाळीत सकाळची पिशवी त्याला जमत नाही, दुसरीत संध्याकाळची. आईला ताप आला तर रात्रीचीही राहते. म्हणून केंद्राने शिकवताना आई एकटी बसवून चालत नाही. गावाकडून आजीला बोलवावं लागेल, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या काकूंना, आणि त्यांचेही हात तितकेच वेळा, तितक्याच काळजीने धुवून घेऊन बघावे लागतील. साडेअकराची पिशवी शाळेत बदलायची, तर मुख्याध्यापकांकडे एक खोली मागावी लागेल: दार बंद होणारी, पंखा बंद करता येणारी, पिशवी टांगायला भिंतीला एक खिळा असलेली.